भरावाच्या भिंतीचा मसाला: काही गैरसमज

सालवड-बोईसरकडे भाताच्या खाचरात मुरूम टाकून प्लॉट वर उचलला, की कडेला ब्लॉकची भिंत आलीच. मिस्त्रीला मालकाची सूचनाही ठरलेली असते: "माल जरा कडक कालवा, भराव अडवायचाय."

पण मसाल्याचं काम ब्लॉकला बैठक देण्याचं आणि दरजा भरण्याचं. सिमेंट वाढवलं की तो सुकताना जास्त आकसतो. ब्लॉकपेक्षा कडक झाला, तर दरजेतच राहिली असती ती चीर ब्लॉक फोडत जाते. मातीला टेकणाऱ्या भिंतीला सिमेंट-रेती 1:4 पुरे, वरच्या नुसत्या कंपाउंडला 1:6. प्रमाण मात्र फरम्याने, म्हणजे मापाच्या पेटीने मोजा. 50 किलोची गोणी म्हणजे साधारण 35 लिटर, तेवढाच फरमा केला की रेतीचे चार म्हणजे चारच. घमेलं कधी सपाट भरतं, कधी शिगोशीग. आणि पाणी घातलेला माल दोन तासांत संपवायचा. जेवणानंतर पुन्हा पाणी मारून 'जागा' केलेला माल जागा होत नाही.

दुसरी सवय विटांच्या कामातून आलेली: ब्लॉक पिंपात बुडवून लावायचे. वीट भिजवावीच लागते. काँक्रीटचा ब्लॉक मात्र भिजला की किंचित फुगतो, भिंतीत सुकताना आकसतो आणि उभ्या भेगा पडतात. ऊन कडक असेल तर कडांवर पाण्याचा हात फिरवला की झालं. पाणी मारायचं ते बांधून झाल्यावर, किमान सात दिवस. पीपीसी (पोझोलाना) सिमेंट असेल तर दहा.

'53 ग्रेड म्हणजे सर्वांत भारी' हेही तसंच. तो आकडा प्रयोगशाळेतल्या ठोकळ्याच्या 28 दिवसांच्या ताकदीचा. तारापूरच्या खाऱ्या हवेत पीपीसी किंवा स्लॅग सिमेंट जास्त कामाचं. न धुतलेली खाडीची रेती तर नकोच; तिच्यातल्या मिठाने आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. धुतलेली क्रश सँड चालते.

आता खरा शत्रू: पाणी. पाच फूट उंच भिंतीवर निचरा झालेल्या मुरमाचा रेटा दर मीटर लांबीला साधारण 700 किलो असतो. तोच भराव पावसाने वरपर्यंत तुंबला, तर माती-पाणी मिळून हा रेटा दीड टनाच्या आसपास जातो. 1:4 ऐवजी 1:3 केल्याने यातला एक किलोही कमी होत नाही. 29 जून 2019 ला पुण्यात कोंढव्याची भिंत कोसळून 15 जण गेले, 2 जुलैला मालाडला पिंपरीपाड्याची. दोन्ही मुसळधार पावसात.

म्हणून सिमेंटच्या दोन गोण्या वाचल्या तर ते पैसे मागच्या बाजूला घाला. भिंतीला लागून फूटभर जाडीचा खडीचा पट्टा, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड, तळाशी बाहेर उतार दिलेले तीन-चार इंची पाइप. बऱ्याच ठिकाणी पाइप असतात, पण मागे थेट चिकणमाती. पहिल्याच पावसाळ्यात ते बुजतात. मग लोक म्हणतात, पाइपातून पाणी येत नाही, म्हणजे भिंत कोरडी आहे! खाचराची काळी माती भरावालाही नको, ती पाण्याने फुगते.

ब्लॉक कोणता? सिपोरेक्स (एएसी) ब्लॉक हलका, घराच्या आतल्या भिंतींना उत्तम. ओल्या मातीला टेकवायचा नाही. पोकळ ब्लॉक चालतात, पण फूटिंगमधून वर आलेली उभी सळई आणि पोकळीत ठासून काँक्रीट असेल तरच. नुसत्या दरजांना ताण सोसत नाही, आणि नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीकडून भूकंपाचे हादरे येत आहेत, हेही धरून चालावं.

उंचीचा हिशेबही फसवा आहे. भिंत दुप्पट उंच केली की रेटा चौपट होतो आणि तिला उलथवणारा जोर आठपट. तीन फुटांच्या भिंतीचा अनुभव सहा फुटांना लावू नये; चार फुटांच्या वर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून फूटिंगची रुंदी आणि सळई काढून घ्यावी, मग मिस्त्रीशी भाव ठरवावा.