होल्स्टनच्या खोऱ्यातली तीन शहरं

ब्रिस्टल गावाच्या मुख्य रस्त्यावर, मधल्या पिवळ्या पट्ट्यांच्या बेचक्यात, पितळेच्या छोट्या पाट्या बसवलेल्या आहेत. पाटीच्या दक्षिणेला टेनेसी राज्य, उत्तरेला व्हर्जिनिया. या रस्त्याचं नावच स्टेट स्ट्रीट. समोरासमोरची दोन दुकानं दोन राज्यांत आहेत. दोन्हीकडच्या गावाचं नाव ब्रिस्टल, पण नगरपालिका दोन, पोलीस दोन, शाळांचे कारभार दोन. सार्वजनिक ग्रंथालय मात्र एकच. सीमेचा वाद 1893 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि 1901 मध्ये टेनेसीने रस्त्याचा उत्तरेकडचा अर्धा भाग व्हर्जिनियाला दिला, तेव्हा रेषा रस्त्याच्या मध्यावर आली.

ही रेषा नुसती पर्यटकांनी एकेक पाय दोन्हीकडे ठेवून फोटो काढण्यापुरती नाही. टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही, व्हर्जिनियात आहे. विक्रीकर उलट टेनेसीत जास्त. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि टेनेसीत बंदी आली. ही सेवा देणारा इथला दवाखाना रस्ता ओलांडून व्हर्जिनियाच्या ब्रिस्टलमध्ये गेला. एका मैलाच्या अंतराने कायदा बदलतो, आणि त्याबरोबर माणसाचं आयुष्यही.

ब्रिस्टल, किंग्जपोर्ट आणि जॉन्सन सिटी या तीन गावांच्या प्रदेशाला ‘ट्राय-सिटीज’ म्हणतात. जॉन्सन सिटीची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 71 हजार, किंग्जपोर्टची 55 हजार, दोन्ही ब्रिस्टल मिळून 44 हजार. आजूबाजूची खेडी आणि तालुक्याची गावं धरली तर पाच लाखांच्या आसपास. विमानतळ तिघांत एक, ब्लाउंटव्हिलजवळ, 1937 पासूनचा. पण सरकारी आकडेवारीत हा एक महानगर प्रदेश नाही, दोन आहेत: किंग्जपोर्ट-ब्रिस्टल वेगळं, जॉन्सन सिटी वेगळं. तिघांपैकी कुणीही दुसऱ्याचं उपनगर व्हायला तयार झालं नाही. मला हेच या प्रदेशाचं खरं वैशिष्ट्य वाटतं, आणि त्याचं कारण भूगोलात आहे.

ॲपलेशियन पर्वत इथे लांबच लांब समांतर रांगांमध्ये पसरला आहे. रांग, दरी, पुन्हा रांग, पुन्हा दरी, सगळं ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे. होल्स्टन, वाटौगा आणि नोलिचकी या नद्या या दऱ्यांमधून वाहतात आणि पुढे टेनेसी नदीला मिळतात. टेनेसीचंच शहर असलेलं मेंफिस इथून सुमारे 800 किलोमीटरवर आहे. राज्याच्या राजधानीत आपलं कुणी ऐकत नाही ही इथली तक्रार जुनी आहे. 1784 मध्ये इथल्या लोकांनी ‘फ्रँकलिन’ नावाचं स्वतःचं राज्यच जाहीर केलं होतं. जॉन सेव्हियर त्याचा गव्हर्नर झाला. चारेक वर्षांत ते राज्य मोडलं. अमेरिकेच्या संघराज्याने त्याला कधीच प्रवेश दिला नाही.

त्याआधीची मालकी चेरोकी या मूळनिवासी जमातीची होती. 1775 च्या मार्चमध्ये वाटौगाकाठी सिकमोर शोल्स इथे रिचर्ड हेंडरसनने चेरोकी वडीलधाऱ्यांकडून केंटकीचा प्रचंड मुलूख खरेदी केला. ड्रॅगिंग कनू या तरुण सरदाराने त्याला कडाडून विरोध केला आणि पुढे अनेक वर्षं लढत राहिला. किंग्जपोर्टलगतचं होल्स्टन नदीतलं लाँग आयलंड हे बेट चेरोकींना पवित्र होतं. पुढे तेही त्यांच्या हातून गेलं. 1976 साली त्यातला काही एकरांचा एक तुकडा त्यांना परत मिळाला. बाकी बेटावर उद्योग आणि वस्ती.

तिन्ही शहरं मात्र रेल्वेची लेकरं. 1856 मध्ये हेन्री जॉन्सन नावाच्या माणसाने रुळाशेजारी जागा घेतली. त्याच्या ‘जॉन्सन्स डेपो’चं पुढे जॉन्सन सिटी झालं. ब्रिस्टल दोन रेल्वेमार्गांच्या सांध्यावर वाढलं. तिसरी रेल्वे सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत अवघड जागेतून आली: क्लिंचफील्ड, केंटकीच्या कोळशाच्या मुलखापासून दक्षिण कॅरोलायनापर्यंत 277 मैल, 55 बोगदे, 1915 मध्ये पूर्ण. तिच्या काठावर एक अख्खं शहर ठरवून वसवलं गेलं, ते किंग्जपोर्ट.

जे. फ्रेड जॉन्सन हा या कामातला मुख्य कर्ता. जॉन नोलन या नगररचनाकाराकडून त्याने आराखडा करून घेतला आणि 1917 मध्ये गावाला सनद मिळाली. रेल्वे स्टेशनपासून निघालेला ब्रॉड स्ट्रीट चढत जाऊन चर्चच्या वर्तुळापाशी थांबतो. कारखाने नदीकडे, घरं टेकडीकडे. सिमेंट, काच, कागद, छापखाना असे उद्योग मुद्दाम असे निवडले की एकाचा माल दुसऱ्याला लागावा. काळ्या कामगारांसाठी आखलेली नीटस वस्ती मात्र आराखड्यातच राहिली. एवढ्या विचारपूर्वक वसवलेल्या गावाच्या इतिहासातला हा डाग सौंदर्याच्या वर्णनात हरवू देता कामा नये.

पहिल्या महायुद्धात सरकारने लाकडापासून मिथेनॉल काढण्याचा कारखाना इथे उभारायला घेतला होता. युद्ध संपलं आणि तो अर्धवट राहिला. तेव्हाच न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनला फिल्मसाठी रसायनांचा भरवशाचा पुरवठा हवा होता. 1920 मध्ये त्याने तो कारखाना घेतला. जुनी नायट्रेट फिल्म भसकन पेट घेई. तिच्या जागी ॲसिटेटची सुरक्षित फिल्म आणायची तर ॲसिटिक अनहायड्राइड आणि सेल्युलोज ॲसिटेट हवं. तीच कला किंग्जपोर्टने 1930 च्या सुमारास हस्तगत केली. पुढे तेच ॲसिटेट कापडाच्या धाग्यात गेलं, प्लॅस्टिकमध्ये गेलं आणि सिगारेटच्या फिल्टरमध्येही.

दुसऱ्या महायुद्धात या ज्ञानाची किंमत एकदम वाढली. आरडीएक्स हे स्फोटक मोठ्या प्रमाणावर बनवायला ॲसिटिक अनहायड्राइडच लागतं. 1942 पासून होल्स्टनकाठी सरकारी दारूगोळा कारखाना उभा राहिला. तो अजून चालू आहे. अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करणारा ओक रिजचा वाय-12 कारखानाही लष्कराने याच ईस्टमन कंपनीकडे चालवायला दिला. रसायनाच्या धंद्याने गावाकडून मोलही घेतलं: 4 ऑक्टोबर 1960 रोजी ॲनिलिन विभागात स्फोट झाला आणि 16 जण गेले.

1970 च्या दशकात तेल महागलं, तेव्हा कंपनीने शेजारच्या डोंगरांतल्या कोळशाकडे पाहिलं. 1983 मध्ये सुरू झालेल्या विभागात कोळशाचा वायू करून त्यापासून मिथेनॉल आणि शेवटी ॲसिटिक अनहायड्राइड बनू लागलं. कोळसा न जाळता त्याची फिल्म करणं, ही मला या खोऱ्यातली सगळ्यांत बुद्धिमान गोष्ट वाटते. 1994 च्या आरंभी ईस्टमन केमिकल कोडॅकपासून वेगळी झाली. 2012 मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. रसायनाचा कारखाना मात्र टिकला. 2024 पासून तिथे टाकाऊ पॉलिस्टर रासायनिक रीतीने मोडून पुन्हा मूळ घटक काढण्याचं काम सुरू आहे.

जवळच्या एलिझाबेथटनमध्ये जर्मन मालकांचे दोन रेयॉन कारखाने होते. 1929 मध्ये तिथल्या कमी पगारावर राबणाऱ्या तरुण मुलींनी काम बंद केलं आणि दक्षिणेतल्या कापड गिरण्यांच्या संपांची लाट तिथून उठली.

ब्रिस्टलची ख्याती मात्र एका गोदामातून आली. 1927 च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर स्टेट स्ट्रीटच्या टेनेसी बाजूला, टोप्यांच्या एका रिकाम्या गोदामात ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन उतरला. भिंतींवर घोंगड्या टांगल्या. मेणाची तबकडी एकाच गतीने फिरावी म्हणून ती विजेवर नाही, खाली सरकणाऱ्या वजनावर चालवली जाई. व्हर्जिनियातल्या पुअर व्हॅलीतून ए. पी. कार्टर, त्याची बायको सेरा आणि 18 वर्षांची गरोदर भावजय मेबेल मोटारीने तिथे पोचले आणि सहा गाणी गायली. मेबेल गिटारच्या खर्जाच्या तारांवर अंगठ्याने चाल वाजवी आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरी. पुढच्या पिढ्यांतल्या असंख्य गिटारवादकांनी ती पद्धत उचलली. त्याच मुक्कामात जिमी रॉजर्सही गायला. दोन आठवड्यांत 19 कलाकार किंवा संच, 76 गाणी. कंट्री म्युझिकचा धंदा इथून सुरू झाला असं 1998 मध्ये अमेरिकी संसदेनेही मान्य केलं. डोंगरातल्या घराच्या पडवीतलं गाणं बाजारात आलं. गाणाऱ्यांच्या वाट्याला किती आलं हा हिशेब वेगळा.

जॉन्सन सिटीची पोटापाण्याची सोय वैद्यकीत आहे. 1903 मध्ये इथे जुन्या सैनिकांसाठी मोठं आश्रयगृह सुरू झालं, त्याच्या आधारावर पुढे रुग्णालय वाढलं आणि 1970 च्या दशकात वैद्यकीय महाविद्यालय आलं. ॲपलेशियातल्या छोट्या गावांत जायला अमेरिकी डॉक्टर नाखूश असत. ती जागा भारतातून शिकून आलेल्या अनेकांनी भरली. मद्रासला शिकलेले अब्राहम वर्गीस 1980 च्या दशकाच्या मध्यावर इथे संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ होते. मोठ्या शहरांत एड्स झालेली तरुण मुलं मरायला आपल्या डोंगरातल्या घरी परत येत होती. वर्गीस यांनी त्यांच्यावर उपचार केले, त्यांच्या आईबापांशी बोलले आणि 1994 मध्ये ‘माय ओन कंट्री’ हे पुस्तक लिहिलं.

2018 मध्ये या प्रदेशातल्या दोन प्रतिस्पर्धी रुग्णालय कंपन्या एकत्र येऊन ‘बॅलड हेल्थ’ झाली, तीही दोन्ही राज्यांच्या खास परवानगीने. तीन गावांनी जे शंभर वर्षं टाळलं ते रुग्णालयांच्या बाबतीत घडलं: बहुतेक भागात आंतररुग्ण सेवेसाठी दुसरा पर्याय उरला नाही. यात रुग्णांचं हित आहे असं मला वाटत नाही.

नद्यांचा हिशेबही असाच विषम आहे. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने 1940 आणि 1950 च्या दशकांत वाटौगा आणि होल्स्टनवर धरणं बांधली. वाटौगा धरणाच्या पाण्याखाली बटलर गाव बुडालं आणि लोकांनी ते वर नव्या जागी वसवलं. नोलिचकीच्या वरच्या भागात मात्र पूर अडवणारं धरण नाही. 27 सप्टेंबर 2024 रोजी हेलीन वादळाचा पाऊस त्या खोऱ्यात उतरला, अर्विन गावात नदीकाठचं रुग्णालय पाण्याने वेढलं गेलं आणि छपरावर अडकलेले रुग्ण व कर्मचारी हेलिकॉप्टरने काढावे लागले. जवळच्या प्लॅस्टिक कारखान्यातले कामगार वाहून गेले. क्लिंचफील्डचा, आता सीएसएक्स कंपनीकडे असलेला, घळीतला रेल्वेमार्गही कित्येक मैल उखडला. कंपनीने तो त्याच जागी बांधायला घेतला आणि भरावासाठी नदीच्या पात्रातले दगड उचलू लागली, तेव्हा या नदीवर रबरी होड्यांतून पर्यटकांना नेऊन पोट भरणारे लोक आणि पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेल्या.