कॉम्प्युटरची तारीख मागं गेली? फॉरमॅट मारण्याआधी सेल बघा

मंठा : रात्री जेवणं उरकल्यावर लेकराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसावं. उद्या शेवटची तारीख. मोबाईलवर नेट चालू आहे, सगळं उघडतंय. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र कुठलीही साईट उघडली की 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. जुना कॉम्प्युटर असलेल्या घरात हे नवं नाही. पहिला संशय व्हायरसवर जातो, दुसरा नेटवाल्यावर. मग सीपीयू गाडीवर बांधून दुकानात न्यायचा, आणि तिथं बऱ्याचदा एकच उत्तर असतं : "फॉरमॅट मारावं लागंल."

थांबा. आधी स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. तिथं दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं साल दिसत असेल, तर बिघाड फार छोटा आहे.

मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो. बहुतेक मशीनमध्ये तो सीआर2032 असतो, म्हणजे 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड आणि 3 व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. बोर्डाचं बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असूनही थोडा करंट आत येत राहतो आणि सेलवर भार पडत नाही. लाईट गेली की सगळा भार सेलवर. आपल्याकडं लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. शिवाय वीज पडेल म्हणून आपण बोर्डातली पिनही काढून ठेवतो. त्यामुळं सेल लवकर संपतो. मग सुरू करताना काळ्या स्क्रीनवर 'एफ1 दाबा' असं येतं आणि तारीख मागं जाते.

साईट अडते ती याच तारखेमुळं. प्रत्येक सुरक्षित साईटकडं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरला वाटतं साल 2010 चालू आहे, म्हणून आत्ताचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. साईट बरोबरच असते, चुकलेलं असतं आपलं घड्याळ.

फॉर्मची घाई असेल तर तारीख-वेळ हातानं बरोबर करा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. काम तेवढ्यावर भागतं. पण लाईट गेली की पुन्हा तेच. मोबाईलच्या किंवा घड्याळाच्या दुकानात हा सेल थोडक्या पैशात मिळतो. पिन काढा, सीपीयूचं झाकण उघडा, क्लिप हलकी दाबून जुना सेल काढा, नवा बसवताना 'प्लस'ची बाजू वर ठेवा. नंतर तारीख एकदा भरावी लागते. लॅपटॉपमध्ये मात्र सेल आत दडलेला असतो, तिथं मेकॅनिकच बरा.

वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेलला दोष देऊ नका. टाईम झोन भारताचा आहे का बघा. तारीख, वेळ बरोबर असून साईट अडत असेल तर विंडोज कोणतं आहे बघा. विंडोज 7 साठी क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती, 2023 नंतर नवी आलीच नाही. तिथं सेल बदलून उपयोग नाही.

फॉरमॅटला एवढं घाबरायचं कारण? सी ड्राइव्हवर, डेस्कटॉपवर ठेवलेले लग्नाचे फोटो, सातबाराचे स्कॅन, दाखले, सगळं जातं. कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाईप केलेल्या फाईली वाचल्या तरी फॉन्ट उडालेला असतो आणि अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्ट पुन्हा टाकला की मजकूर परत येतो, पण हे न कळल्यानं अनेकांनी चांगल्या फाईली पुसून टाकल्यात. दुकानात द्यायचाच असेल तर आधी सगळं पेनड्राइव्हवर घ्या, आणि "सेल तपासला का?" एवढं विचाराच.

काढलेला सेल टेबलावर सोडू नका. लहान लेकरानं गिळला तर घशात अडकून आतून भाजतं. तसा नुसता संशय आला तरी लगेच दवाखाना गाठा.