निकालाची प्रत आणि बंदिवानाची पोच

कोप्पीकर रोडच्या परिसरातील वाचकांस धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे नाव परके नाही. मात्र याच विद्यापीठाच्या बनावट ठशातून भारतीय बंदिवानांचा एक मोलाचा हक्क सिद्ध झाला, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. बनावट पदव्यांसाठी विद्यापीठाची मुद्रा मुंबईत घडवून घेण्याच्या प्रयत्नाबद्दल होस्कोट नामक प्राध्यापकावर खटला झाला. सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची कैद व दंड एवढ्यावर त्यांस सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने 1973 साली ती शिक्षा वाढवून तीन वर्षे सक्तमजुरी केली. गुन्हा हीनच होता. विद्येच्या क्षेत्रातील माणसाने तो करावा, याची खंत वाटते.

परंतु खरा प्रश्न पुढेच उद्भवला. होस्कोट यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली ती चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, शिक्षा भोगून झाल्यावर. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आपणांस 1978 मध्येच मिळाली, असे त्यांचे म्हणणे. येरवडा कारागृहाचे म्हणणे असे की, प्रत वेळेवर आली होती, कैद्यास दिलीही होती. राज्यपालांकडील दयेच्या अर्जास जोडण्यासाठी ती परत घेतली. पण कैद्याच्या सहीची पोच कोठेच नव्हती. मराठीत 'पोच' म्हणजे पावती आणि तारतम्यही. येथे दोन्हींचा अभाव दिसतो.

अपील फेटाळले गेले. तथापि 17 ऑगस्ट 1978 च्या निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तत्त्व घालून दिले. तुरुंगवासाची शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालाची प्रत विनामूल्य द्यावी. ती तुरुंगात आल्यास अधिकाऱ्याने विनाविलंब कैद्याच्या हाती देऊन लेखी पोच घ्यावी. अपिलाची सोय करावी. आणि दुबळ्यास सरकारी खर्चाने वकील मिळावा. कारण उघड आहे. आपणांस कोणत्या कारणास्तव दोषी ठरविले हे ज्याने वाचलेच नाही, त्याने अपिलात मांडावे तरी काय? घटनेच्या 21 व्या कलमातील न्याय्य कार्यपद्धतीत न्यायालयाने हे सारे अंतर्भूत मानले.

2005 च्या माहिती अधिकार कायद्याने हे दार अधिक रुंद केले. तो हक्क सर्व नागरिकांचा आहे, आणि कारावासाने नागरिकत्व लोपत नाही. जीवित वा स्वातंत्र्याशी निगडित माहिती अठ्ठेचाळीस तासांत देण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र अर्जाचे शुल्क भरणे आणि टपाल बाहेर धाडणे यांसाठी कैदी आजही कारागृहाच्या कचेरीवरच अवलंबून असतो.