यादवी युद्धातील दुष्काळ आणि आपला दानधर्म

वर्गणीदार सद्गृहस्थहो,

ज्या उदार व्यापाऱ्यांनी व जमीनदारांनी आमच्या फंडास हातभार लावला, त्यांपैकी कित्येकांनी आम्हांस विचारले आहे की, पावसाने दगा दिला असता अन्न पुरविणे हा धर्मच होय. परंतु जेथे देशबांधवच एकमेकांवर शस्त्र उपसून बसले आहेत, तेथील उपासमारीशी दुष्काळफंडाचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही घडलेल्या एका उदाहरणाने देतो.

आफ्रिका खंडातील नायजेरियाच्या उत्तर भागात १९६६ साली इग्बो समाजाच्या हजारो लोकांची कत्तल झाली, व लक्षावधि लोक जीव मुठीत धरून पूर्वेकडील आपल्या मुलखात परतले. ३० मे १९६७ रोजी त्या पूर्व प्रांताने बियाफ्रा या नावाने स्वातंत्र्य पुकारले आणि जुलैत यादवी जुंपली. असाबा हे गाव नायजर नदीच्या पश्चिम तीरावर आहे. वस्ती इग्बो खरी, परंतु गाव बियाफ्रात मोडत नव्हते. ऑगस्टात बियाफ्राची फौज नदी ओलांडून पश्चिमेस आली. ऑक्टोबरच्या आरंभी ती मागे हटली व पूल उडवून पलीकडे गेली. पाठोपाठ मध्यवर्ती सरकारची फौज असाबात शिरली. गावकरी शत्रूस सामील आहेत असा आळ घेऊन सैनिकांनी घरे लुटली, माणसे मारली. तेव्हा गावच्या वडीलधाऱ्यांनी ठरविले की, आपली निष्ठा उघडपणे दाखवावी. ७ ऑक्टोबर रोजी शेकडो स्त्रीपुरुष समारंभाची पांढरी वस्त्रे नेसून ‘एक नायजेरिया’ असा घोष करीत निघाले. सैनिकांनी पुरुष व मुलगे निराळे काढले आणि ओग्बे-ओसोवा या वस्तीत नेऊन त्यांजवर मशीनगनी चालविल्या. त्या दिवसांत मारल्या गेलेल्यांची संख्या निरनिराळ्या अंदाजांप्रमाणे ५०० ते १,००० भरते.

आता दुष्काळ कोठून आला ते पाहावे. उत्तरेतील कत्तल आणि असाबासारखे प्रसंग यांमुळे, शरण गेल्यानेही प्राण वाचत नाहीत, अशी लोकांची खात्री पटली. म्हणून सरकारी फौज जसजशी पुढे सरके, तसतशी गावेच्या गावे उभी शेते टाकून निघत. त्या मुलखाचे मुख्य पीक कोनफळासारखा एक कंद आहे. त्याचे बियाणे म्हणजे कंदच. पळणाऱ्याचे या वर्षीचे अन्न व पुढील वर्षीचे बी दोन्ही मागे राही. मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट हे बंदर पडले, समुद्राची वाट बंद झाली, व आकसत जाणाऱ्या त्या प्रदेशात निर्वासितांची दाटी होऊन मुलांची पोटे सुजू लागली. जानेवारी १९७० मध्ये युद्ध संपले, तोपर्यंत भुकेने व रोगाने किती लोक मेले याचे अंदाज पाच लाखांपासून वीस लाखांपलीकडे जातात. असाबात गोळीने शेकडो मेले. गोळीच्या भीतीने व नाकेबंदीने लाखो मेले.

१९७२ साली महाराष्ट्रात पाऊस गेला, तेव्हा सरकारने कामे काढून लाखो लोकांच्या हातांस काम दिले. यादवीत मात्र ज्याने रक्षण करावे त्याचाच शिपाई भक्षक होतो. अशा रयतेने दाद कोठे मागावी? कायदा नव्हता असे नाही. १९४९ च्या जिनीव्हा करारांच्या तिसऱ्या कलमाने यादवीतही निःशस्त्रांची हत्या निषिद्ध ठरविली होती. उपासमार हे युद्धाचे साधन करू नये, असा यादवीपुरता स्पष्ट नियम १९७७ मध्ये झाला. परंतु कायद्याचा निवाडा वर्षांनी येतो, आणि भुकेल्या मुलास दिवसांचाच अवकाश असतो.

यावर दुसरा आक्षेप असा की, असे धान्य शिपायांच्याच पोटी जाते. हाही निराधार नाही. ख्रिस्ती मंडळ्यांनी व रेडक्रॉसने रात्रीच्या काळोखात उली येथील धावपट्टीवर विमानांनी अन्न उतरविले, त्यामुळे युद्ध लांबले असे म्हणणारे आजही आहेत. ५ जून १९६९ रोजी रेडक्रॉसचे एक विमान पाडलेही गेले. तरी त्या अन्नाने असंख्य मुले वाचली, हे आक्षेप घेणारासही नाकारता येणार नाही. गळती होते म्हणून विहीर बुजवीत नाहीत, मोट सांधतात.

सबब आमची विनंति इतकीच की, युद्धग्रस्त मुलखासाठी मागितलेली वर्गणी आपण हात आखडून देऊ नये. ती खर्च करताना तीन नियम पाळणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. कर्ता पुरुष गमावलेल्या कुटुंबास प्रथम द्यावे. घेणारा कोणत्या पक्षाचा हे विचारू नये. आणि अन्नाबरोबर बियाणेही द्यावे, कारण पेरणी चुकली तर पुढील वर्षीही हात पसरणे आले. याखेरीज प्रत्येक पोत्याचा हिशेब ठेवून तो आपणांपुढे मांडावा, हे तर उघडच आहे. असाबाच्या लोकांनी पांढरी वस्त्रे नेसून दयेची अपेक्षा केली, ती फोल ठरली. तशा लोकांची आपणांविषयीची अपेक्षा तरी फोल न जावो.