दिवाणखान्यातील अळूचे भावंड

शहरातील कोणत्याही रोपवाटिकेत गेल्यास रुंद हिरव्या पानांवर पांढरट-पिवळे शिंतोडे उडालेली रोपे हमखास दिसतात. हा डिफेनबेकिया. बँका, दवाखान्यांची प्रतीक्षागृहे आणि सदनिकांचे दिवाणखाने यांत तो आता चांगलाच रुळला आहे. मूळचा तो मध्य व दक्षिण अमेरिकेतील उष्ण, दमट अरण्यांत मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारा. व्हिएन्नातील शॉनब्रुन राजवाड्याच्या उद्यानाची व्यवस्था पाहणारे योसेफ डिफेनबाख यांच्या सन्मानार्थ वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिख शॉट यांनी त्याला हे नाव दिले. नाव परके असले तरी कूळ ओळखीचे आहे. अळू आणि सुरण हे त्याचे सख्खे कुळबंधू.

हे नाते ध्यानात ठेवणे फार आवश्यक आहे. अळू कच्चे राहिल्यास घसा खाजतो, म्हणून आपण फदफद्यात चिंच किंवा आमसूल घालतो. ही खाज निर्माण करणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक डिफेनबेकियाच्या पानांत व खोडात ठासून भरलेले असतात. पान चावताच ते जिभेत व गालात रुततात. तीव्र जळजळ होते, लाळ गळते, जीभ सुजून काही काळ बोलणेही अशक्य होते. इंग्रजीतील ‘डम्ब केन’ हे नाव त्यावरूनच आले.

हे झाड मुलाचा एका मिनिटात जीव घेते, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत असतो. तो अतिरंजित आहे. बहुतेकांचा त्रास काही तासांत किंवा दिवसांत ओसरतो. मात्र सूज घशापर्यंत गेल्यास श्वासाला अडथळा होऊ शकतो, तेव्हा निष्काळजीपणाही नको. रांगत्या बाळाच्या व मांजर-कुत्र्याच्या तोंडापर्यंत पोहोचणार नाही अशीच कुंडीची जागा असावी. मुलाने पान चावल्यास तोंडातील तुकडे काढून ओल्या फडक्याने पुसावे, चुळा भरायला लावाव्यात आणि थंड पाणी वा दूध घोटघोट द्यावे. उलटी मुद्दाम काढू नये. चीक डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवावा व डॉक्टरांना दाखवावा. गिळता न येणे, आवाज बसणे, धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास झाडाचे पान बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

एवढी खबरदारी घेतली, की हे झाड फारसे लाड मागत नाही. पूर्वेच्या खिडकीजवळचा गाळीव उजेड त्याला मानवतो. थेट उन्हात पाने करपतात. अगदी काळोख्या कोपऱ्यात खोड लांबुडके होते. पानांच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्याने अधिक पांढऱ्या जातीला उजेडही अधिक लागतो. ही झाडे अंधारात चालतात, हा विक्रेत्यांचा दावा म्हणूनच अर्धाच खरा.

सर्वाधिक झाडे मरतात ती मात्र प्रेमाने, म्हणजे पाण्याने. बोटाचे एक पेर मातीत खुपसावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. कोकणातल्या वा मुंबईच्या पावसाळ्यात आठ-दहा दिवस पाणी घातले नाही तरी बिघडत नाही. रोपवाटिकेतील चिकट लाल माती पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात. तिच्यात कोकोपीट, जाड वाळू आणि थोडे शेणखत मिसळावे. कुंडीला तळाशी भोक हवेच. सकाळी पानाच्या टोकाशी पाण्याचे थेंब दिसले तर घाबरू नये, मुळांनी ओढलेले जादा पाणी झाड असे बाहेर टाकते. सर्वांत खालचे पान पिवळे पडून गळणे नैसर्गिकच. अनेक पाने एकदम पिवळी पडू लागली, तर मुळे तपासावीत. विदर्भातील थंडीच्या रात्री कुंडी खिडकीपासून दूर सरकवावी.

ही झाडे घरातील हवा शुद्ध करतात, अशी जाहिरात सर्रास केली जाते. तिचे मूळ ‘नासा’च्या १९८९ च्या प्रयोगांत आहे, पण ते बंद पेटीत झाले होते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा फेरआढावा घेण्यात आला. दारे-खिडक्यांतून होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करण्यासाठी दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, असे त्यात दिसले. तेव्हा झाड शोभेसाठी घ्यावे आणि हवेसाठी खिडकी उघडावी.

दोन-तीन वर्षांत खोड उघडे पडून झाड वाकते. अशा वेळी शेंडा छाटून वेगळ्या कुंडीत लावावा आणि उरलेल्या खोडाचे, प्रत्येकावर एखादा डोळा येईल असे चार इंची तुकडे ओलसर कोकोपीटमध्ये आडवे ठेवावेत. काही आठवड्यांत कोंब फुटतात. छाटताना हातमोजे घालावेत, नंतर हात व कात्री साबणाने धुवावी आणि छाटलेली पाने मुलांच्या हाती लागण्यापूर्वी उचलून टाकावीत.