डोमकळी काय सांगते?

कपाशीचे फूल सकाळी उमलते. पण शेतात काही फुले गुलाबाच्या कळीसारखी मिटलेलीच राहतात. अशा फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतात. ती अलगद उघडली तर पाकळ्या रेशमी धाग्यांनी बांधलेल्या आणि आत लहानशी अळी दिसते. ही गुलाबी बोंडअळी. पुढच्या पिढ्यांतल्या अळ्या कोवळ्या बोंडात शिरतात. शिरल्याचे छिद्र बुजते, म्हणून बोंड बाहेरून निरोगी दिसते. आत मात्र अळी सरकी खात असते. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.

मग विष झाडातच असले तर? एका जिवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. या जनुकामुळे बनणारे प्रथिन अळीच्या आतड्याला छिद्रे पाडते. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. तरीही २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बीटी कपाशीची बोंडे मोठ्या प्रमाणावर किडली. असे का झाले?

उत्तर मेंडेलच्या धड्यात आहे. विष पचवण्याचा गुण या अळीत बहुधा अप्रभावी असतो. त्याचे जनुक आई आणि बाप दोघांकडून आले, तरच अळी वाचते. सुरुवातीला असे पतंग अगदी विरळ असतात. जवळच साधी कपाशी असेल, तर तिथल्या असंख्य साध्या पतंगांशी त्यांची जोडी जमते आणि त्यांची संतती बीटी बोंडात मरते. बीटीच्या ४५० ग्रॅम पाकिटासोबत साध्या कपाशीचे १२० ग्रॅम बियाणे त्यासाठीच दिले जाई. बहुतेकांनी ते पेरले नाही. आपल्याच रानात अळी पोसायची, हे कोणाला सहज पटेल? शिवाय आपल्याकडे संकरित वाण असल्याने एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष नसते. तेथेही अळीला सवलत मिळते.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी साधी कपाशी राखली. पुढे वांझ पतंग सोडण्याची जोड दिली गेली आणि २०१८ मध्ये ही अळी तेथील कपाशीतून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

दुसरे कारण फरदडीचे. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून पीक उन्हाळ्यापर्यंत ठेवले, की अळीला अन्न मिळत राहते. थंडीत काही अळ्या सरकीत, वाळक्या बोंडांत सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडतात. म्हणून पीक डिसेंबरअखेर संपवावे, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत. जूनपूर्वी पेरणी टाळली, तर लवकर निघालेल्या पतंगांच्या पिल्लांना फुले-पात्या न मिळाल्याने ती उपाशी मरतात. मात्र एकट्याने हे करून भागत नाही. पतंग बांध ओळखत नाही. गावाने मिळूनच ते करावे लागते.

विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे कामही आहे. वेगवेगळ्या वीस झाडांवरची वीस हिरवी बोंडे फोडून पाहा. दोन किंवा अधिक किडलेली असतील, तर नुकसानीची आर्थिक पातळी ओलांडली आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तरी तोच इशारा. मोजणी आधी, फवारणी नंतर, हा क्रम घरी सांगण्याचे काम वर्गातली मुलेच उत्तम करू शकतील.