बाजाराच्या पिशवीचा हिशेब

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या हिंगोली जिल्ह्यात 'बाजार' हा शब्द वाराशिवाय पुरा होत नाही. कोणत्या वारी कोणत्या गावचा बाजार, हे लहान पोरालाही पाठ असते. औंढा तालुक्यातील जवळा बाजार या गावाच्या तर नावातच बाजार आहे. सोयरीक जुळवायची असो, बैल दाखवायचा असो, की गावाकडून आलेला निरोप पोचवायचा असो, सारे काही "बाजारात भेटू" यावर ठरते. शेतमजुरीचे पैसेही बऱ्याच ठिकाणी बाजाराच्या दिवशीच हातात पडतात. पैसा सकाळी येतो आणि दिवेलागणीपर्यंत पिशवीत बसून घरी परततो. मधल्या सात-आठ तासांत तो नेमका कुठे जातो, हे आमच्या घरात कोणी कधी लिहून ठेवले नव्हते. लिहिणारे पहिले माणूस मीच.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाचा १८५७ सालचा नियम शिकविला. कुटुंबाचे उत्पन्न जसे वाढते तसा त्यातील अन्नावरील खर्चाचा वाटा कमी होत जातो, असा तो नियम. त्याच तासाला हेही कळले की २०२३-२४ च्या सरकारी पाहणीप्रमाणे भारतातील ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४७ टक्के आहे. माझ्या मनात आले, आपल्या घराचा किती? त्या दिवाळीनंतर मी एका जुन्या वहीची कोरी पाने काढून त्यावर दर आठवड्याचा बाजार लिहू लागले. माणसे सहा : आजी, आईबाबा आणि आम्ही तीन भावंडे. कोरडवाहू जमीन दोन एकर, बाकी मजुरी. चौदा आठवड्यांचा हिशेब केला तेव्हा शंभरातले चौसष्ट रुपये खाण्यात आणि किराण्यात जात असल्याचे दिसले. एंगेलसाहेबांचा नियम आमच्या चुलीपर्यंत बरोबर पोचला होता.

परंतु वाचकहो, मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. आम्ही फार खातो म्हणून पैसा जात नव्हता. आम्ही थोडे-थोडे घेतो म्हणून जात होता. विकताना आपण क्विंटलने विकतो आणि घेताना पावाने घेतो. या दोन मापांच्या मधल्या फटीतून आपला पैसा गळतो.

हळदीचेच पाहा. हळद म्हटले की वसमत आणि हिंगोली ही नावे व्यापाऱ्यांच्या तोंडी येतात. आमच्या गावाच्या चहूबाजूंनी हळदीचे मळे आहेत. आई माघ-फाल्गुनात हळदीच्या काढणीला जाते, संध्याकाळी तिचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात. आणि त्याच हातांनी ती दर बाजारी दहा रुपयांची हळदपुडी घेते! पुडीवरचे वजन होते २८ ग्रॅम. भागाकार केला, तो किलोला साडेतीनशेच्या वर भाव पडला. मळ्यावरून घेतलेली हळकुंडे आम्हाला किलोला दीडशेने मिळाली. गिरणीतून दळून आणण्याचा खर्च आणि दळणातली घट धरूनही निम्म्याच्या आसपास पैसे वाचले. हे आईला ठाऊक नव्हते असे नाही. तिचे म्हणणे एवढेच की बाजाराच्या दिवशी तिच्याजवळ दहा रुपये सुटे असतात, दीडशे नसतात. या उत्तरावर अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला काही सापडले नाही.

तेव्हा भागाकार ही पहिली सवय. किंमत पाहायची नाही, किंमत भागिले वजन पाहायचे. आता तर हा भागाकार पाकिटावर छापूनच येतो. वैधमापनाच्या नियमांत बदल झाल्यामुळे पाकिटावर कमाल किरकोळ किमतीबरोबर एकक विक्री किंमतही द्यावी लागते. एक किलोपेक्षा कमी वजन असेल तर ती दर ग्रॅमला, जास्त असेल तर दर किलोला. अक्षरे मुंगीएवढी असतात आणि दुकानात कोणी ती वाचून दाखवीत नाही. पण ग्रॅमची किंमत हजाराने गुणली की किलोचा भाव समोर येतो. आणखी एक. कमाल किंमत म्हणजे जास्तीत जास्त किंमत. त्यापेक्षा कमी घ्यायला दुकानदाराला कोणी अडविलेले नाही, म्हणून विचारण्यात लाज नाही.

मात्र पुडी दिसली की ती महागच, असेही समजू नये. डोक्याला लावायच्या शाम्पूची रुपया-दोन रुपयांची पुडी आणि मोठी बाटली यांचा भागाकार मी तीन वेळा करून पाहिला. तिन्ही वेळा पुडीच स्वस्त निघाली. माझ्या धाकट्या बहिणीने हा निकाल मोठ्या आनंदाने मान्य केला. चहापत्ती, हळद, तिखट, खोबरेल यांत मात्र पुडी महाग पडली. धान्य आणि डाळी यांचे आणखी एक गणित आहे : १८ जुलै २०२२ पासून छापील पाकिटातील पीठ-डाळीवर ५ टक्के कर लागतो, पोत्यातून सुट्या मोजून घेतलेल्या मालावर तो नाही. सुटे घेताना निवडून पाहता येते हाही फायदा. पण मग काट्याकडे लक्ष हवे. इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर माल ठेवण्यापूर्वी शून्य दिसते का पाहावे. तागडी असेल तर दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी सरळ आहे का पाहावे. आजी याला "पासंग पाहणे" म्हणते. तिला अक्षरओळख नाही, परंतु तागडीतला पासंग ती चार पावलांवरून ओळखते.

तेलाने मला सर्वात जास्त चकविले. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, ते सुमारे ९१० ग्रॅम भरते. इथवर ठीक. पण अलीकडे पिशवी तेवढीच दिसते आणि आत कधी ८५०, कधी ८००, कधी ७५० ग्रॅम असते. दुकानात आपण "एक पिशवी द्या" म्हणतो, दुकानदार एक पिशवी देतो. खोटे कोणीच बोलत नाही! आमची नेहमीची पिशवी ७५० ग्रॅमची निघाली. १२५ रुपये, म्हणजे किलोला १६६. बाबा आजवर तिला किलोचीच समजत होते.

तेलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरी सोयाबीन पिकते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि खुल्या बाजारात त्याहून कमी भावाने माल घालावा लागला. त्याच हंगामाच्या तोंडावर, १४ सप्टेंबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढविले. शेतकऱ्याच्या सोयाबीनला भाव मिळावा हा हेतू. पुढे ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरील मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे हा हेतू. वर्तमानपत्रात शेतकरी आणि ग्राहक ही जणू दोन वेगळी माणसे असतात. आमच्या घरात ती एकाच ताटात जेवतात.

आता उधारी. नर्सी हे संत नामदेवांचे गाव म्हणून आमच्या जिल्ह्याला त्यांचा मोठा अभिमान आहे. नामदेवांना वडिलांनी कापड विकायला बाजारात धाडले, त्यांनी ते दगडधोंड्यांना उधार देऊन टाकले, आणि एका धोंड्यालाच जामीन धरले, अशी कथा आजी सांगते. त्या धोंड्याचे पुढे सोने झाले. आमच्या उधारीला असा धोंडा कुठला मिळायचा! गावातल्या दुकानात आमची वही आहे. वहीवर साखर घेतली की किलोमागे दोन-तीन रुपये जास्त लागतात, आणि जो माल समोर येईल तो घ्यावा लागतो, कारण ज्याच्याकडे बाकी आहे त्याच्याशी घासाघीस करता येत नाही. तरी या दुकानदाराला मी नावे ठेवणार नाही. बाबा दीड महिना अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्याच वहीने आम्हाला जेवू घातले. म्हणून आम्ही वही बंद केली नाही. मीठ, काडीपेटी, साबण तिथूनच घेतो, पण रोखीने. किराण्याचे मुख्य सामान मात्र आता बाजारातून येते. यातला पहिला रोख आठवडा सर्वात अवघड असतो, कारण त्या आठवड्यात जुनी बाकीही द्यायची आणि नवा मालही रोख घ्यायचा. आईच्या हळद काढणीच्या पैशातून पाचशे रुपये बाजूला काढले तेव्हाच ते जमले. हे पाचशे आता मोडायचे नाहीत असा घरात ठराव आहे. बाबांनी तो दोनदा मोडला, पण परत भरला.

या सगळ्यात माझ्याकडून एक मोठी चूक झाली, ती लिहायला हवी. वहीच्या सहाव्या आठवड्यात खर्चाचा आकडा एकदम नव्वद रुपयांनी खाली आला. मी आनंदाने सर्वांना वाचून दाखविला. दोन दिवसांनी रात्री उशिरा पाणी प्यायला उठले, तो आई चुलीपाशी बसून भाकरीला नुसते तिखट-मीठ लावून खात होती. शेंगदाणे तिने आणलेच नव्हते. भाजी आम्हाला वाढली होती. मी विचारले तर म्हणाली, "तुझ्या वहीत कमी दिसावं म्हनून, पोरी." ते पान मी फाडले नाही. त्या आठवड्याच्या आकड्याभोवती लाल शाईने चौकट केली आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले : शेंगदाणे, डाळ, गूळ आणि दूध यांत कपात मोजायची नाही. ज्या घरात बाई शेवटी जेवते त्या घरातली काटकसर आधी तिच्याच ताटातून सुरू होते, आणि हिशेबाच्या वहीत ती बचत म्हणून दिसते.

त्यानंतर आम्ही जे केले ते ताटाबाहेरचे केले. पूर्वी बाजार बाबा करीत; आमच्याकडे ते पुरुषाचे काम समजले जाते. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त बायकांना अर्धे तिकीट झाले आहे. म्हणून आता आई आणि शेजारच्या काकू मिळून जातात. तिकीट निम्मे झाले, शिवाय बाबांचा बाजारातला चहा आणि भज्याची पुडी हाही खर्च कमी झाला. (बाबांनी हा परिच्छेद वाचू नये.) भाजी सकाळी न घेता शेवटी घ्यायची, कारण ऊन उतरले की विकणाऱ्याला उरलेला माल घरी न्यायचा नसतो आणि वाटे मोठे होतात. पण अगदी शेवटापर्यंत थांबता येत नाही, गाडी चुकली तर वाचविलेले सगळे रिक्षात जाते.

रेशनच्या धान्याची सवयही बदलली. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आम्ही ज्वारीची भाकरी खाणारी माणसे. तांदूळ साठत जाई, आणि साठला की पडत्या भावात कोणाला तरी देऊन टाकायचा. आता त्याची धिरडी होतात, उन्हाळ्यात पापड झाले, आणि आठवड्यातून दोन रात्री खिचडी. भावाची खिचडीवर अजून नाराजी आहे.

घरची तूर भरडून डाळ करावी, हा आजीचा जुना आग्रह. मला वाटले, यात तर खूपच वाचेल. हिशेब मांडला. शंभर किलो तुरीची डाळ सत्तर किलोच्या आसपास होते. आम्ही तूर सत्तर रुपये किलोने घातली होती, म्हणजे घरच्या डाळीचा किलो शंभराला पडला; भरडाई आणि वाळवण्याचा त्रास वेगळा. बाजारात पाव किलोने घेतली तर ती १४० ने पडते, पाच किलो एकदम घेतली तर १२५ ने. बचत आहे, पण आजी सांगते तेवढी नाही. "आन् चुनी?" आजीने विचारले. खरेच, शेळीला घालायची चुनी मी धरलीच नव्हती. ती धरल्यावर आजी जिंकली. यंदा वर्षभराच्या डाळीपुरती तूर विकायची नाही असे ठरले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली लहान डाळगिरणी आता खेड्यापाड्यांतून दिसते, त्यामुळे जात्यावर हात मोडण्याची वेळ येणार नाही.

तेलासाठी आम्ही चार घरे एकत्र आलो. पंधरा किलोचा डबा २,२५० रुपयांना, म्हणजे किलोला दीडशे. प्रत्येकी पावणेचार किलो. पहिल्या वेळी वाटणी तांब्याने केली आणि भांडण झाले, कारण तळाशी उरलेले तेल कोणाचे हे ठरले नव्हते. दुसऱ्या वेळी काट्यावर वजन करून वाटले. घरटी साठ रुपये वाचले. साऱ्या सवयी मिळून आमच्या घरी महिन्याला चारशे-साडेचारशे उरतात. तेवढ्यात माझा कॉलेजचा एस. टी. पास निघतो, आणि पासासाठी आता कोणाकडे हात पसरावा लागत नाही.

डबा रिकामा झाल्यावर तो कोणी घ्यायचा, यावरूनही वाद होणार होता. म्हणून पाळी लावली आहे. या महिन्याचा डबा आमच्याकडे आला. आजीने तो राखेने घासला, दोन दिवस उन्हात ठेवला, आणि त्यात डाळीसाठी राखलेली तूर कडुलिंबाचा पाला घालून भरली.